रविवारचं पोतं परत पाठवायचं का?

प्रश्न : आम्ही सुदामानगरला राहतो. सांवेरच्या बाजूला खान नदीच्या काठी सासऱ्यांची तीन एकर जमीन आहे, ती बटईने, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, दिली आहे. बटईदार नदीवर मोटर लावून पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा आणि फुलगोबी घेतो. दर रविवारी एक पोतं आमच्याकडे येतं, बाकी माल मंडीत जातो. मुलाने कुठेतरी वाचलं की शहराच्या सांडपाण्यावरच्या भाजीत शिसं आणि कॅडमियम असतं. तेव्हापासून घरात रोज वाद. यजमान म्हणतात, चाळीस वर्षं हीच भाजी खातोय, काय झालं? शिवाय मातीचं कार्ड काढलंय, त्यात सगळं ठीक आहे. मुलगा म्हणतो, शेतात चुना टाका, मोहरी लावा, माती साफ होते. नात चार वर्षांची आहे आणि सुनेला पुन्हा दिवस गेले आहेत. परवा यजमान वैतागून म्हणाले, "घरी आणू नका एवढंच ना? मग सगळंच मंडीत जाऊ दे." मला ते पटलं नाही, पण उत्तरही सुचलं नाही. बांधावर सासूबाईंनी लावलेला आंबा आहे, त्याच्या कैऱ्यांचं लोणचं घालते. तेही बंद करायचं का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर :

ताई, आधी ते मातीचं कार्ड बघू, कारण तुमच्या घरातला अर्धा वाद त्या कागदावर उभा आहे. २०१५ पासून सरकार जे मृदा आरोग्य कार्ड देतं त्यात बारा गोष्टी असतात : नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबं, मँगनीज, बोरॉन, सामू (पीएच), क्षारता आणि सेंद्रिय कर्ब. पुन्हा वाचून बघा, शिसं नाही, कॅडमियम नाही, निकेल नाही, क्रोमियमही नाही. जस्त आणि तांबं आहेत, पण पिकाला पुरतात का एवढं बघण्यापुरते. यजमानांचं कार्ड खरंच आहे, फक्त तुम्हाला जे विचारायचंय ते त्या कार्डाला कुणी विचारलेलंच नाही. तरी जपून ठेवा, पुढे त्यातल्या तीन आकड्यांचं काम पडणार आहे.

"चाळीस वर्षं खातोय" याला मी नेहमी एकच सांगते. अन्नातून रोज थोडं थोडं जाणारं कॅडमियम पोटात दुखून कळत नाही. ते मूत्रपिंडात जाऊन बसतं आणि त्यातलं निम्मं बाहेर पडायला दहा ते तीस वर्षं लागतात. तुमच्या यजमानांना काही झालेलं नाही ही आनंदाची गोष्ट आहे, पण तो भाजीचा दाखला होत नाही. शिशाचं तर मोठ्यांवरून मुलांचं अनुमान काढूच नये. मुलांच्या आतड्यातून शिसं मोठ्यांच्या चार-पाच पट शोषलं जातं आणि त्याचा मार वाढत्या मेंदूवर बसतो. रक्तात एवढ्यापर्यंत शिसं चालतं असा सुरक्षित आकडा जागतिक आरोग्य संघटनाही देत नाही. त्यामुळे तुमच्या घरात हा प्रश्न नातीचा आणि सुनेचा आहे, यजमानांचा नंतर.

आता घाबरू नका, कारण यापुढची गोष्ट तुमच्या बाजूची आहे. मातीत धातू असणं आणि तो पानात चढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मधे तुमची माळव्याची काळी माती उभी आहे. ही चिकण माती ऋणभाराची. धनभाराचे धातू तिला चिकटून बसतात. वर तिच्यात चुनखडी असते आणि सामू बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर. अशा मातीत शिसं जवळजवळ खिळून राहतं. मुळाशी पोचलं तरी मुळातच अडतं, पानापर्यंत फारसं जात नाही. पालकावर शिसं सापडतं ते बऱ्याचदा बाहेरून आलेलं असतं, म्हणजे रस्त्याची धूळ आणि सिंचनाच्या वेळी उडालेला चिखल. आपल्याकडे पेट्रोलमधलं शिसं २००० साली बंद झालं, पण त्याआधी रस्त्याकडेच्या मातीत पडलेलं अजून तिथेच आहे. शिसं कुजत नाही, उडून जात नाही.

कॅडमियमची जात मात्र वेगळी. रसायनशास्त्रात ते जस्ताचं सख्खं भावंड. मुळांना जस्त आणि लोह आत घेण्याची जी दारं असतात त्यांतूनच ते आत शिरतं, झाडाला फरक कळत नाही. मातीत जस्त कमी असेल तर दार जास्त वेळ उघडं राहतं आणि कॅडमियम जास्त आत जातं. पाणी खारट असेल तर क्लोराइडशी जोडी जमवून ते मातीच्या कणापासून सुटतं आणि मुळापर्यंत पोचतं. कार्डावरचे तीन आकडे म्हणाले होते ते हे : सामू, जस्त आणि क्षारता. सामू वर, जस्त पुरेसं आणि क्षारता कमी असेल तर तुमच्या शेतात कॅडमियमला चढायला कठीण. उलट असेल तर सोपं.

आणि झाडाझाडात फरक असतो. पानं सगळ्यात पुढे, त्यातही पालक. कंद आणि मुळं त्यांच्या मागे : मुळा, गाजर, बटाटा, आपल्याकडचा हिवाळ्यातला गराडू. शेंगा आणि फळभाज्या बऱ्याच मागे : दुधी, गिलकी, कारलं, भेंडी, बटला (मटार). मक्याचे दाणे त्याहून साधे. गहू आणि सोयाबीन या दोघांवर मात्र डोळे झाकून विश्वास टाकू नका. सोयाबीन दाण्यात कॅडमियम साठवू शकतं, आणि बाफल्यांचा कठिया गहू साध्या गव्हापेक्षा जास्त उचलतो. म्हणजे बघा, तुमच्या बटईदाराने नदीच्या पाण्यावर नेमकी तीच पिकं लावलीत जी सगळ्यात जास्त ओढतात. त्याचा दोष नाही. पालेभाजी पंचवीस-तीस दिवसांत पैसा देते आणि नदीचं पाणी बाराही महिने वाहतं. शहराजवळच्या नदीकाठावर सगळीकडे हेच दिसतं.

खान नदीचं सांगायला नको. (कागदोपत्री आता कान्ह म्हणतात. आमच्या पिढीच्या तोंडी खानच.) शहरातून येताना सरस्वतीला कृष्णपुऱ्याशी घेते, पुढे सांवेर रोडच्या कारखान्यांच्या कडेने जाते आणि उज्जैनजवळ त्रिवेणीला क्षिप्रेत मिळते. २०२१ साली इंदूरला वॉटर प्लस शहराचा मान मिळाला. नाले बांधून घेतले, शुद्धीकरण केंद्रं उभी राहिली, हे काम खरंच झालंय. पण एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सांडपाणी शुद्धीकरण केंद्र हे मैला आणि जंतूंसाठी असतं. धातू तिथे नष्ट होत नाहीत, बरेचसे खाली बसणाऱ्या गाळात जातात. पाणी निवळतं, गाळ जड होतो. म्हणून बटईदाराने कधी केंद्रातला वाळलेला गाळ "मोफत खत" म्हणून शेतात टाकला होता का, हे त्याला विचारा. रागावून नाही, चहा पिता पिता विचारा.

चाळीस वर्षांचा हिशेब मी एकदा पाठकोऱ्या कागदावर करून बघितला, तुम्हालाही सांगते. सिंचनाच्या पाण्यात लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत कॅडमियम चालेल असं अन्न व कृषी संघटनेचं मार्गदर्शक मूल्य आहे, आणि ते हेक्टरला वर्षाकाठी दहा हजार घनमीटर पाणी धरून काढलेलं आहे. म्हणजे एकराला साधारण चाळीस लाख लिटर. पाणी बरोबर त्या मर्यादेवर असलं तरी वर्षाला एकरी चाळीस ग्रॅम कॅडमियम. एकराच्या वरच्या वीतभर थराचं वजन आठशे टनांच्या आसपास. भागून बघा : किलो मातीत वर्षाला ०.०५ मिलिग्रॅमची भर. वीस वर्षांत एक मिलिग्रॅम. युरोपात शेतजमिनीसाठी एक ते तीन मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तुमच्या पाण्यात किती आहे मला ठाऊक नाही, त्याहून खूप कमीही असेल. सांगायचं एवढंच की हे थेंबाथेंबाने साचतं, आणि उद्या पाणी स्वच्छ झालं तरी आधी साचलेलं तिथेच राहतं.

तर तपासणी. माती, पाणी आणि भाजी, तिन्ही एकाच वेळी द्या. एकट्या मातीच्या आकड्यावरून मी तुम्हाला काही सांगू शकणार नाही.

मातीचा नमुना कसा घ्यायचा ते नीट वाचा, कारण यात मी स्वतः फजिती करून घेतलेली आहे. उमेदीच्या काळात एका प्रयोगशाळेसाठी एका गावातून पंधरा नमुने आणले. जस्ताचे आकडे असे आले की त्या गावाखाली जस्ताची खाण असावी. दोन आठवडे मी त्यावर टिपणं काढत होते. मग आमच्या शिपायाने सहज विचारलं, "बाई, माती कशात कालवली होती?" पत्र्याच्या बादलीत! जस्ताचा मुलामा दिलेली नवी कोरी बादली, आणि ओली माती मी त्यात हाताने घोळवली होती. त्यामुळे प्लास्टिकचं घमेलं घ्या. खुरपं स्टीलचं किंवा लाकडी, रंग उडालेलं नको. प्रत्येक एकरात नागमोडी चालत दहा-बारा जागा निवडा. बांध, झाडाखालची जागा, खताचा ढीग आणि मोटरीचं पाणी पडतं तो कोपरा सोडा. वरचा पालापाचोळा बाजूला सारून इंग्रजी व्ही अक्षरासारखा वीतभर खड्डा करा आणि खड्ड्याच्या एका बाजूची बोटभर जाडीची चकती वरपासून खालपर्यंत सोलून घ्या. सगळ्या चकत्या एकत्र करा, सावलीत वाळवा, ढेकळं लाकडाने फोडा. मग चार भाग करून समोरासमोरचे दोन टाकायचे, उरलेले पुन्हा मिसळायचे. अर्धा किलो उरेपर्यंत असं करत राहा. पाणी मोटर दहा मिनिटं चालू दिल्यावर भरा, धुतलेल्या प्लास्टिक बाटलीत, आणि बाटली आधी प्रयोगशाळेतूनच मागून घ्या. त्यात थोडं आम्ल घालावं लागतं, नाहीतर धातू बाटलीच्या भिंतीला चिकटून बसतात.

आणि एक नमुना जास्तीचा घ्या, हा माझा हट्ट समजा. नदीचं पाणी ज्याला कधी लागलेलं नाही असं शेजारचं कोरडवाहू शेत गाठा, तिथली माती वेगळ्या पिशवीत. कारण सांगते. माळव्याची काळी माती बेसाल्टच्या खडकातून झाली आहे, आणि त्या खडकातच निकेल, क्रोमियम, तांबं मुळात जास्त असतं. तुमचा निकेलचा आकडा युरोपच्या मर्यादेशी ताडून मुलगा घाबरेल, आणि तो आकडा कदाचित तुमच्या पणजोबांच्या आधीपासून तसाच असेल. शेजारच्या कोरड्या शेतापेक्षा तुमचा आकडा किती वर आहे, तेच खरं प्रदूषण.

द्यायचं कुठे? कस्तुरबाग्रामच्या कृषी विज्ञान केंद्रात आधी विचारा. जड धातूंची चाचणी तिथे होत नसेल तरी कुठे होते ते सांगतील. भोपाळला भारतीय मृदा विज्ञान संस्था आहे, मातीतल्या जड धातूंवर त्यांचं बरंच काम आहे. खाजगी प्रयोगशाळेत गेलात तर एनएबीएलची (प्रयोगशाळा तपासून मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता शिशा-कॅडमियमच्या चाचणीसाठीच आहे ना, हे विचारून घ्या. दारावरची पाटी मोठी असते, मान्यतेची यादी कधीकधी छोटी असते. मातीच्या दोन चाचण्या मागा : एकूण प्रमाण, आणि डीटीपीए द्रावणाने सुटणारं प्रमाण. पहिलीतून किती साचलंय ते कळतं, दुसरीतून त्यातलं किती पिकाच्या आवाक्यात आहे ते.

भाजीचा अहवाल हातात आला की आकड्याच्या आधी एक शब्द शोधा : कोरड्या वजनावर की ताज्या? मोठमोठे लोक इथे आपटलेले मी पाहिलेत. पालकात नव्वद टक्क्यांच्या वर पाणी असतं. कोरड्या वजनावर किलोला २ मिलिग्रॅम म्हणजे ताज्या जुडीत ०.२ च्या आतबाहेर. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकातली मर्यादा ताज्या भाजीवर आहे : पालेभाजीत कॅडमियम किलोला ०.२ मिलिग्रॅम, शिसं ०.३. कोरडा आकडा या मर्यादेशी लावलात तर विनाकारण दहापट घाबराल.

ही मर्यादा तुमच्या नातीच्या ताटात किती होते बघा. चार वर्षांची, वजन पंधरा किलो धरू. कॅडमियमसाठी जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटनेच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने २०१० साली जी सोसण्याची सीमा घातली ती महिन्याला दर किलो वजनामागे २५ मायक्रोग्रॅम. पंधरा किलोला महिन्याचे ३७५, दिवसाचे साडेबारा. बरोबर मर्यादेवरचा पालक साठ ग्रॅम घेतला, म्हणजे शिजून लहान मुलीची छोटी वाटी, तर त्यात बारा मायक्रोग्रॅम झाले. तिचा दिवसाचा सगळा वाटा एका वाटीत, पोळी-भात अजून बाकीच. आठवड्यातून एकदा हरकत नाही, ही सीमा एका दिवसाची नसून लांबच्या सरासरीची आहे. पण दर रविवारी पोतं येतं म्हणून पुढचे चार दिवस पालकच, असं घरात होत असेल (पोतं संपवायचं असतं, मला माहीत आहे), तर तो प्रकार थांबवा. शिशाची अशी सीमा त्याच समितीने त्याच साली मागे घेतली, तिने संरक्षण मिळतं असं म्हणता येईना म्हणून.

अहवाल येईपर्यंत काय करायचं? त्या शेताचा पालक, मेथी, कोथिंबीर, मुळा सुनेच्या आणि नातीच्या ताटात नको. पालेभाजी सोडायची नाही, दुसरीकडून आणा, वेगवेगळ्या ठिकाणची आणा. सुनेच्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या चुकू देऊ नका. शरीरात ही दोन कमी असली की शिसं आणि कॅडमियम दोन्ही जास्त शोषलं जातं. फुलगोबीची बाहेरची पानं काढून आतला गड्डा मोठ्यांनी खायला हरकत नाही. धुणं म्हणाल तर मोठ्या पातेल्यात पानं बुडवून हलवायची, पाणी फेकायचं, आणि हे तीनदा. पहिल्या पाण्याचा तळ बघा, बारीक काळी रेव दिसेल. शिशाचा मोठा वाटा त्या रेवेबरोबर जातो. पानाच्या आत गेलेलं कॅडमियम मात्र मीठ, व्हिनेगर, खाण्याचा सोडा कशानेही निघत नाही आणि शिजवूनही जात नाही.

खरं तर धातूंच्या आधी मला त्या कोथिंबिरीची धास्ती आहे. सकाळी पोह्यांवर शेव, वर कच्ची कोथिंबीर, आणि कोथिंबीर सांडपाण्यावरची. जंत, टायफॉइड, कावीळ यांना चाळीस वर्षं लागत नाहीत. ती आजपासून बंद, अहवालाची वाट बघू नका. कोथिंबीर गच्चीत कुंडीत लावा, नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यावर चांगली येते.

आता मुलाच्या उपायांकडे. चुना टाकण्याचा सल्ला खोटा नाही, पण तो कोकणासारख्या आम्ल जमिनीचा आहे. तिथे चुन्याने सामू वर जातो आणि कॅडमियम बसतं. तुमची माती आधीच चुनखडीची, त्यात चुना म्हणजे पैसे मातीत, अक्षरशः. मोहरी धातू ओढते हेही खरं, पण एका पिकात जेवढं ओढते ते मातीतल्या साठ्याच्या मानाने एवढं थोडं असतं की माती निवळायला दशकं जातील. आणि ओढलेलं कुठे जातं? त्या मोहरीत! मग तिचा साग करून कुणी खाल्ला, पाला गुरांना घातला किंवा खताच्या खड्ड्यात टाकला की फिरून तिथेच. वरची माती काढून टाकायची कल्पना यजमानांना सुचण्याआधी आठशे टन आठवा, म्हणजे एकरी ऐंशी ट्रक, आणि ते नेऊन कुणाच्या दारात ओतणार? जपानात जिंझू नदीच्या खोऱ्यात हे केलं. खाणीच्या कॅडमियमने भात नासला होता, बायकांची हाडं नुसत्या हालचालीने मोडत, १९६८ मध्ये सरकारने तो प्रदूषणाचा आजार म्हणून मान्य केला, आणि शेतांची माती बदलायचं काम पुढे तीसेक वर्षं चाललं. तुमचं शेत त्या पंगतीतलं नाही.

करण्यासारखं जे आहे ते साधं आहे. सगळ्यात आधी पाणी. विहीर किंवा बोअर होऊ शकते का बघा, आणि नदीला लागून असेल तर तिचंही पाणी तपासा. कार्डावर जस्त कमी असेल तर झिंक सल्फेट द्या, पीकही सुधारेल आणि कॅडमियमही अडेल. अमोनियम सल्फेट आणि गंधक टाळा, ते माती आम्ल करतात. स्फुरदाची खतं गरजेपुरतीच, कारण त्यांच्या खडकातच थोडं कॅडमियम येतं. चांगलं कुजलेलं शेणखत भरपूर घाला.

कंपोस्टचं मात्र बघून घ्या. आल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात ज्या गावात राहून कंपोस्टची पद्धत बसवली आणि जगाने तिला इंदूर पद्धत म्हटलं, त्या गावात हे मला सांगावं लागतंय, याचं वाईट वाटतं. पण त्यांच्या ढिगात काडीकचरा, शेण, गोमूत्र आणि राख होती, घड्याळाचे सेल आणि ट्यूबलाइट नव्हत्या. शहरी कंपोस्टला खत नियंत्रण आदेशाची मर्यादा आहे, किलोला कॅडमियम ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅम. इंदुरात ओला-सुका वेगळा होतो म्हणून इथलं खत पुष्कळ शहरांपेक्षा बरं असणार. तरी पिशवीवर तपासणीचा आकडा मागायची सवय लावा.

आणि पीक बदला. पानाकडून फळाकडे या. नदीकडच्या वाफ्यांत पालकाऐवजी दुधी, गिलकी, कारलं, भेंडी, हिवाळ्यात बटला. एका भागात झेंडू, दसरा-दिवाळीला भाव असतो आणि तो कुणी खात नाही. गुरांचा चारा तिथे नको, तीही पालेभाजीच झाली. यात बटईदाराचं नुकसान आहे हे लपवून चालणार नाही. पालक महिन्यात पैसा देतो, दुधी दोन महिने थांबायला लावतो. तो मधला महिना तुम्ही सोसायचा. पहिल्या हंगामाचं बियाणं आणि मांडवाचा खर्च मालकाने घातला, वाट्यात थोडं मागे सरकलात, तर तो ऐकेल. नुसतं "विषारी आहे, बंद कर" म्हणालात तर मान हलवेल आणि तुमची गाडी वळली की मोटर सुरू करेल. मीही तेच केलं असतं.

राहिली यजमानांची ती गोष्ट, घरी नको पण मंडीत जाऊ दे. तुम्हाला उत्तर सुचलं नाही म्हणता, पण पटलं नाही हेच उत्तर होतं. मंडीतून ती जुडी कुणाच्या तरी सुनेकडेच जाते. आणि मंडीच्याही आधी ती बटईदाराच्या घरात जाते. तुमच्याकडे आठवड्याला एक पोतं येतं, त्याची पोरं दोन वेळा तेच खातात, त्याच चिखलात खेळतात, हात न धुता भाकरी घेतात. शिशाची तपासणी करायची झाली तर नातीच्या आधी त्या पोरांची करायला हवी. यजमानांना हे असंच्या असं वाचून दाखवा. ते रागावले तर माझ्या नावावर रागावू देत.

नातीच्या रक्ताची तपासणी करायची का, हे तिच्या बालरोगतज्ज्ञांना विचारा. केली तर शिरेतल्या रक्ताची करा, केसांच्या चाचणीवर पैसे घालू नका. आणि आकडा वर आला तर एकट्या शेताला धरू नका, घरातही बघा : सुटी, अति पिवळी हळद, काजळ-सुरमा, खिडकीच्या जुन्या रंगाचे पोपडे, भेसळीच्या कथलाने केलेली कल्हई.

नमुने उन्हाळ्यात, पेरणीच्या आधी घेऊन टाका. अहवाल आला की आकडे मला कळवा, कोरडं की ताजं ते लिहून.

आणि सासूबाईंचा आंबा. झाडाने मुळातून ओढलेलं खोड-पानांतून पुढे फळापर्यंत फारच थोडं पोचतं, त्यात आंब्याची मुळं तुमच्या वीतभर थराच्या पुष्कळ खाली गेलेली. कैऱ्या खाली पडलेल्या घेऊ नका, झेल्याने उतरवा, देठाचा चीक जाऊ द्या, दोनदा धुऊन फडक्याने कोरड्या पुसा, आणि लोणचं घाला. मोहरीची डाळ तेवढी दुकानातली घ्या.